मस्त झालंय

"थांब, ही स्लाइड परत घेते." नुपूर टीव्हीसमोर दोन पावलं मागे सरकली. "तू डॉक्टर कासम आहेस असं समज. आणि चेहरा जरा खडूस कर ना."

"आहे तोच बास आहे," सोफ्यावरून कौशिक म्हणाला.

शुक्रवारची दुपार होती. आखातातल्या रिवाजाप्रमाणे जुम्म्याच्या नमाजसाठी अबू हमूर भागातलं त्याचं मेडिकल बंद होतं. परत उघडेपर्यंत जेवण, डुलकी आणि बायकोचं प्रेझेंटेशन असं सगळं उरकायचं होतं.

टीव्हीवर तिची केस होती. एक म्हातारा, रक्तात जंतू पसरलेले, साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, म्हणून मेरोपेनेम सुरू केलेलं. त्यात त्याला फिट्ससाठी व्हॅल्प्रोएटची गोळी चालू.

"फिट्सचं मी माझ्या पदरचं घातलंय हं, केस अवघड व्हावी म्हणून. खरा म्हातारा केव्हाच बरा होऊन घरी गेला." तिने घसा साफ केला. "तर, मेरोपेनेममुळे व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी घसरते. म्हणून रोज पातळी तपासायची आणि व्हॅल्प्रोएटचा डोस वाढवायचा. बरोबर?"

साफ चूक होतं. डोस कितीही वाढवा, पातळी काही वर येत नाही. एक तर अँटिबायोटिक बदलायचं, नाहीतर फिट्ससाठी दुसरं औषध द्यायचं. कौशिकला हे स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. आणि का पाठ होतं, ते त्याने जगात कुणालाही सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दोघांनी एकदमच अर्ज भरले होते. फार्मसिस्टची रेसिडेन्सी. डॉक्टर लोक एम.डी. करतात तसलाच प्रकार: पहिलं वर्ष सगळ्या वॉर्डांत घासायचं, दुसरं एकाच विषयात. इंटरव्ह्यूला कौशिकचा नंबर आधी लागला. डॉक्टर कासमनी त्याला नेमका हाच प्रश्न टाकला. कौशिक म्हणाला, डोस वाढवायचा. "नक्की?" डॉक्टरांनी विचारलं. "हंड्रेड परसेंट!" आणि वर भांडलासुद्धा, की अशा केसेस मी हाताळल्यात म्हणून. हाताळल्या कसल्या, डोंबलाच्या! घरी येऊन नुपूरला म्हणाला, "सगळं आधीच ठरलेलं असतं गं. वशिला लागतो." प्रश्नाचं नावसुद्धा काढलं नाही.

मग वशिला नसलेली नुपूर निवडली गेली.

आता तिचं दुसरं वर्ष होतं, विषय संसर्गजन्य रोग, आणि त्या विषयाची जागा एकच. तिच्या एका फोनवर मोठमोठे डॉक्टर चालू औषध बंद करायचे. ह्याला काउंटरवर गिऱ्हाईक म्हणायचं, "भाई, यल्ला, जल्दी, वो लाल वाला कॅप्सूल दे दो." चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाही म्हटलं की शिव्या. मग डायपर विका, सनस्क्रीन विका, प्रोटीन पावडरचे डबे पुसा. जेवताना ती सांगायची, "आज आम्ही राउंडला एक केस बघितली." त्या 'आम्ही'वर घास अडकायचा. पूर्वी तिच्या 'आम्ही'त तो असायचा.

नाशिकहून आई तेवढी फुंकर घालायची. "म्हणजे नुपूर डॉक्टर होणार का रे?"

"नाही गं आई."

"मग अजून शिकतेय कशाला? तू तर केव्हाच शिकून मोकळा झालास!"

असल्या फुंकरीने आग विझत नाही, भडकते.

"अरे, झोपलास का? सांग ना," नुपूर म्हणाली.

दोन वाक्यांचं काम होतं. बायको होती ती त्याची, वैरीण नव्हती. सांगितलं असतं तर त्याच्या बापाचं काय जाणार होतं?

"मस्त झालंय," कौशिक म्हणाला. "काही बदलू नकोस."

बुधवारी लुसैलमधल्या एका सभागृहात कार्यक्रम होता. गावातल्या सगळ्या फार्मसिस्टांना खुला, लायसन्ससाठी लागणारे गुणही मिळणार होते. कौशिकने ड्युटी बदलून घेतली आणि मागच्या रांगेत जाऊन बसला. गुणांसाठी आलोय, नवरा म्हणून आलोय, असं तो स्वतःला बजावत होता. आला होता तमाशा बघायला.

ती स्लाइड आली आणि डॉक्टर कासमांचा हात वर गेला.

"नुपूर, डोस किती वाढवशील?"

"पातळी बघून दुप्पट, डॉक्टर."

"आणि तरी वर आली नाही तर? तिप्पट?"

कौशिकच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता भांडेल, आता अडखळेल, आता रडेल. नुपूर वळून स्वतःच्याच स्लाइडकडे बघत राहिली.

"डॉक्टर, हे माझं चुकलंय असं वाटतंय," ती म्हणाली. "डोस वाढवून उपयोग होतो हे मी गृहीत धरलं, शोधलं नाही. कुणी लिहून घेतलं असेल तर खोडा. मी नीट वाचून आजच सगळ्यांना मेल करते."

कुणी हसलं नाही. उलट पुढच्या रांगेतल्या एका बाईने खरंच वहीत काट मारली.

"खलास," डॉक्टर मान डोलावत म्हणाले. "पुढे चल."

संपलं. ज्यावरून कौशिक इंटरव्ह्यूच्या खोलीत घाम फुटेस्तोवर भांडला होता, ते हिने एका दमात मिटवलं होतं. तिला जागा का मिळाली, हे त्याला आत्ता, मागच्या रांगेत बसून कळलं. कळलं म्हणून जळणं थांबलं, असं मात्र झालं नाही.

चहाच्या वेळी डॉक्टर कासम बशी घेऊन समोरच आले. नुपूर ओळख करून देणार, तोच म्हणाले, "ह्याला मी ओळखतो! हा तुझा नवरा? अगं, ह्याच प्रश्नावर ह्याने इंटरव्ह्यूमध्ये माझा घाम काढला होता! काय रे हबीबी, नंतर वाचलंस तरी का?"

आठवत नाही म्हणायचं होतं. पण ह्या माणसापुढे दुसऱ्यांदा अडाणी ठरायचं? कौशिकची मान ताठ झाली.

"त्याच रात्री वाचलं, डॉक्टर. डोस वाढवून उपयोग नसतो."

"शाब्बास! मग घरात बोलत नाही की काय तुम्ही दोघं?" डॉक्टर खदाखदा हसले आणि सामोशांकडे वळले.

नुपूर हसली नाही. हातातला कप तिने टेबलावर ठेवला, तोही हळूच.

परतताना गाडी ती चालवत होती. लुसैलचे मनोरे मागे पडले. आता फुटेल, मग फुटेल, म्हणून कौशिक अंग चोरून बसलेला. शेवटी ती म्हणाली, "मला मेल करायचाय. तू काय वाचलं होतंस, सांग."

त्याने सगळं सांगितलं. पातळी किती दिवसांत पडते, गोळीऐवजी काय द्यायचं, मेरोपेनेम थांबवल्यावर काय करायचं. ती मध्येमध्ये प्रश्न विचारत होती, तो उत्तरं देत होता. दोन वर्षांत दोघं इतकं बोलले नव्हते.

"थँक्यू," शेवटी ती म्हणाली. वॉर्डातल्या नर्सला म्हणत असेल, तसंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी कौशिक दुकान बंद करून घरी आला, तर बेडरूमचं दार लोटलेलं होतं. आत नुपूर लॅपटॉपवर पुढच्या केसची तयारी करत होती. स्क्रीनच्या पलीकडे तिच्या बॅचची अमिना असावी. एक प्रश्न झाला, मग अमिना म्हणाली, "नाही, हे चुकतंय तुझं." आणि नुपूर मोकळं हसली. "बरं झालं सांगितलंस!"

टेबलावर त्याचं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं. तो जेवला. उठून ताट धुवायला घेतलं, तेव्हा पाणी भांड्यावर धाडधाड आपटायला लागलं आणि आतलं बोलणं त्यात बुडालं. त्याने पटकन नळ बारीक केला आणि त्या बारीक धारेखाली ताट धरून उभा राहिला.