जुनी मागून नवी देणारा माणूस

मीटरसाहेब नोकरीतून निवृत्त झाले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. सगळी हयात त्यांनी घरोघरचे विजेचे मीटर तपासण्यात घालवली होती. कपाटामागून ओढलेली वायर, चुंबक लावून अडवलेली चकती, 'आम्ही तर दिवासुद्धा लावत नाही हो' म्हणणाऱ्या घरातून येणारी फ्रीजची घरघर, हे सगळं त्यांना उंबऱ्याबाहेरूनच कळायचं. त्यामुळे कुणी गोड बोलायला लागलं की ते आधी त्याच्या भिंतींकडे बघत. मीटरसाहेब हे नाव गल्लीनं ठेवलेलं होतं आणि ते काही प्रेमानं ठेवलेलं नव्हतं.

त्यांच्याकडे एक जुनी, अवजड मोटरसायकल होती. हर्नियाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं, तरी साहेब तिच्यावरूनच फिरत. मग एकदा चौकात सिग्नलला उभे असताना पाय घसरला आणि गाडी आडवी झाली. त्यांना कुणी काही विचारायच्या आत एका हातगाडीवाल्यानं आणि एका शाळकरी मुलीनं मिळून ती उभी केली. मुलगी वर म्हणाली, "आजोबा, जपून." त्या 'आजोबा'नं त्यांना गाडीपेक्षा जास्त लागलं. बायकोच्या कानावर गोष्ट गेलीच. ती एवढंच म्हणाली, "हलकी गाडी घ्या, नाहीतर पायी चाला. दवाखान्यात डबा घेऊन मी पुन्हा येणार नाही."

साहेबांनी वर्तमानपत्रात दोन ओळी छापल्या. जुनी मोटरसायकल देणे आहे, बदल्यात लहान गाडी हवी.

बरेच फोन आले. जो तो वर किती देणार ते विचारायचा. एकच माणूस फोन न करता थेट दारात आला. चाळिशीचा असेल. हात रुंद, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक ठिपके. आला तो एका छोट्या, जवळजवळ कोऱ्या गाडीवरून.

"ही घ्या आणि तुमची द्या," तो म्हणाला.

"आणि वर?"

"वर काही नको, काका. बरोबरीत."

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. नवी गाडी देऊन जुनी घेणारा माणूस एक तर खुळा असतो, नाहीतर समोरच्याला खुळा समजत असतो. हा खुळा तर दिसत नव्हता.

त्यानं टायर पाहिले नाहीत. इंजिन चालू केलं नाही. सरळ जमिनीवर उताणा झाला, छोटी बॅटरी पेटवून गाडीखाली घुसला आणि सांगाड्याची नळी वितीनं मोजू लागला. दोनचार ठिकाणी बोटानं टिचक्या मारल्या आणि स्वतःशीच पुटपुटला, "नळी जाड आहे." बाहेर आला तेव्हा चेहरा खुलला होता.

"चालवून नाही बघत?" साहेबांनी विचारलं.

"चालत असणारच."

"कशासाठी हवीय एवढी जड गाडी?"

"घरच्या कामासाठी," तो म्हणाला आणि चहाच्या कपात बघत राहिला.

कसलं घरचं काम? साहेबांनी लहान गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं चेसिस नंबर पडताळला, अपघाताच्या खुणा शोधल्या, प्लग काढून पाहिला. हात पुसत म्हणाला, "साहेब, गाडीत काही खोट नाही."

"मग माणसात असेल."

"तो मी उघडून बघू शकत नाही."

बायकोपुढे काही चाललं नाही. सौदा झाला. कागद नावावर व्हायला अजून अवकाश होता. साहेबांनी जुन्या गाडीची एकच किल्ली दिली आणि दुसरी 'सापडत नाही' म्हणून खिशात ठेवली.

लहान गाडी लोण्यासारखी चालली. पहिल्या झटक्यात सुरू व्हायची, पेट्रोल चाखत चाखत प्यायची. त्यामुळे साहेबांची झोपच उडाली. एवढी चांगली वस्तू कुणी उगाच सोडतं का? जुनी गाडी अजून आपल्याच नावावर आहे. त्या जाड नळ्यांच्या पोटात कुणी काही भरून नेलं आणि धरलं गेलं, तर दार कुणाचं वाजेल? जेवताना हे बोलून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, "बिचारी नीट चालतेय, याचाच तुम्हाला राग आलाय."

"तुला कळत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय."

सोक्षमोक्ष लावायचा म्हणून एका सकाळी ते किल्ली घेऊन निघाले. पत्ता लाकडाच्या वखारींच्या मागचा होता. पत्र्याची शेड, अर्धवट लोटलेलं फाटक, आतून लोखंड घासल्याचा आवाज. साहेब फाटकाच्या फटीशी उभे राहिले. मीटर तपासताना उभे राहत तसे, अंग चोरून.

आत त्यांची गाडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. एका बाजूचा सायलेन्सर उतरवलेला. तो माणूस डोळ्यांवर काळी काच लावून त्यांच्या गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग करत होता. कोपऱ्यात आणखी दोन गाड्यांचे सापळे पडलेले होते.

साहेबांचे पाय आता थांबेनात. फाटक ढकलून ते आत गेले.

"मला वाटलंच होतं. गाड्या कापून विकायचा धंदा आहे तर हा."

माणसानं काच वर केली. तो दचकला, पण पळाला नाही. "काका, तुम्ही इथे कसे?"

"किल्ली द्यायला आलो होतो. आता पोलिसांकडे जाईन."

"कोण आहे रे?" शेडच्या आतल्या दारातून बाईचा आवाज आला. पाठोपाठ चाकांच्या खुर्चीत बसून, हातानं चाकं फिरवत एक बाई बाहेर आली. वयानं माणसापेक्षा मोठी, मांडीवर शिलाई मशीनचा सुटा भाग, बोटांना तेल. "ज्यांची गाडी घेतलीस तेच ना? बघ, मी म्हटलं होतं. परत मागायला आलेत."

"परत मागायला नाही," साहेब म्हणाले. आपण खुलासा का देतोय ते त्यांनाच कळेना.

"मग फाटकाआड उभं राहून काय बघत होता? मघाशी खिडकीतून दिसत होता मला."

आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांना कुणी असं विचारत होतं.

माणसानं भिंतीलगतचं ताडपत्रीचं आवरण ओढलं. मागे पत्र्याची लांबट पेटी होती, आत गादी, खाली एक चाक. मोटरसायकलला बाजूनं जोडायची साइडकार. बाई म्हणजे त्याची थोरली बहीण, ताई. तिचे पाय अपघातानंतर साथ देत नव्हते. ती लोकांच्या घरी जाऊन शिलाई मशिनी दुरुस्त करायची. खुर्ची बघितली की रिक्षावाले पुढे निघून जात, म्हणून हा तिला लहान गाडीवर मागे पट्ट्यानं बांधून न्यायचा. एकदा पट्टा सुटला.

"साइडकारचं ओझं लहान गाडीला पेलत नाही," तो म्हणाला. "हे दोन सापळे म्हणजे माझे फसलेले प्रयत्न. जुनी, जाड नळीची गाडीच हवी होती."

"मग सांगायचं होतं तसं."

"आधी तिघांना सांगितलं. गाडीला कापाकापी होणार म्हटल्यावर तिघांनीही दार लावलं. तुम्ही दिली असती?"

साहेबांनी ठोकळ्यांवरच्या गाडीकडे पाहिलं. दिली नसती.

"कुणावर विश्वास ठेवावा असं राहिलंय का?" ताई म्हणाली. "हे काका अजून खोटं बोलतायत बघ. किल्ली द्यायला आले म्हणे, आणि किल्ली खिशातच."

साहेबांनी किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "ती जोडणीची लोखंडी पट्टी कोण धरणार? एकट्यानं जुळणार नाही."

दुपारपर्यंत ते पट्टी धरून बसले. बोल्ट आवळला की माणूस म्हणे, "बघा काका, हलतंय का?" आणि साहेब पूर्वी मीटरचं सील ओढून बघत तसे ओढून बघत. दोनदा त्यांनी काम पुन्हा करायला लावलं. ताई त्यांच्या हातांवर नजर ठेवून होती.

जोडणी झाली. ताईला भावानं उचलून पेटीत बसवलं. भाऊ हँडलकडे वळला तशी ती म्हणाली, "तू नको. गाडीचा स्वभाव ह्यांना माहीत आहे. आणि गाडीची काही खोट ह्यांनी लपवली असेल तर ह्यांनाच आधी कळू दे."

साहेब म्हणणार होते की मला हे वजन झेपत नाही. पण गाडी तीन चाकांवर आपली आपण उभी होती. पाय टेकायची गरजच नव्हती. ते बसले. किक भावानं मारली. वखारींमधल्या रिकाम्या रस्त्यावर गाडी निघाली ती सारखी एका अंगाला ओढत. साहेब हँडलशी झटापट करू लागले.

"ब्रेक बघा," ताई खालून ओरडली. "दुसरा गिअर अडकतोय का? तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतं."

"तुमच्या भावानं विचारलं नव्हतं."

ती पहिल्यांदा हसली. पेटीच्या कडेवरची पकड मात्र तिनं सैल केली नाही.

संध्याकाळी साहेब लहान गाडीवरून घरी आले. शर्टावर ग्रीस, हातावर ठिणगीचा एक चटका. बायकोनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

"किल्ली द्यायला एवढा वेळ?"

त्यांनी सगळं सांगितलं, ताई, पेटी, तीन चाकं, वखारीचा रस्ता. ती भाजी चिरता चिरता ऐकत होती. सुरी थांबली.

"कोण ही ताई?"

"अगं, सांगितलं ना."

"सांगितलंत खरं," ती म्हणाली आणि पुन्हा चिरू लागली. "उद्या पुन्हा जाणार आहात?"

"दुसरा गिअर नीट करून द्यायचाय."

"मग मीही येते. माझी मशीन टाके सोडतेय, ती घेऊ बरोबर. दुरुस्त करते म्हणे ना ती? बघते मी."