यल्लव्वाची पाठ

"पण यल्लव्वांच्या नावावर गडी किती?" नंदकिशोरने पुन्हा तेच विचारलं.

बनशंकरीच्या मराठी मंडळात सभा भरली होती. मंडळाच्या जुन्या खो-खो संघातल्या कुणाचा फोटो यंदा मानाच्या भिंतीवर लावायचा, हा प्रश्न होता. संध्याचा तिथे कधीच लागला होता, सर्वाधिक गडी बाद करणारी म्हणून. यल्लव्वा तितकीच वर्षं खेळली, पण तिचं नाव दर खेपेला मागे पडायचं. होसकोटेहून दोन बस बदलून आलेली ती मागच्या खुर्चीत बसली होती.

संध्या नुसती तळमळत होती. गुरुवारचं तिचं मौन दिवेलागणीला सुटायचं, आणि सातची सभा सुट्टीमुळे ऐनवेळी चारला आणलेली. यल्लव्वाची बाजू मांडणारी तर तीच एकटी.

अखेर तिने पदर खोचला. खुर्च्या ओढून एका रांगेत मांडल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. मंडळी ओळखून हसली आणि बसलीही. अंजलीने तर चपला काढल्या. संध्याने नंदकिशोरला पळायची खूण केली.

"मला पळवताय? होऊन जाऊ दे!"

ती त्याच्यामागे धावली आणि यल्लव्वाच्या पाठीवर थाप मारली. यल्लव्वा जागची हलली नाही.

"अक्का, आवाज आला न्हाई. खो म्हटल्याबिगर उठू कशी?"

संध्याने खिडकीकडे पाहिलं. ऊन लख्ख होतं. तिने मनोमन दत्तगुरूंना हात जोडले.

"खो!"

यल्लव्वा सुटलीच. पन्नाशीची बाई, पण काय तो वेग! तिने अशी हूल दिली की नंदकिशोर गडबडून खुर्च्यांमधून पलीकडे निसटला. तिकडेच तोंड करून बसलेल्या अंजलीच्या पाठीवर थाप पडली, खो! अंजलीने उठता उठता त्याचा सदरा पकडला. यल्लव्वा तोवर अंजलीच्या खुर्चीत बसलीसुद्धा होती.

टाळ्या थांबेनात.

"हा गडी कुणाच्या नावावर लिहाल?" संध्याने विचारलं.

"अंजलीच्या," नंदकिशोर धापा टाकत म्हणाला.

"माझे सगळे असेच लिहिलेत," संध्या म्हणाली.

मग यंदा भिंतीवर यल्लव्वाच, असं ठरलं. पण यल्लव्वाचा खेळतानाचा फोटो एकच निघाला. रांगेत बसलेली, कॅमेऱ्याकडे पाठ. चेहरा नाही म्हणून नंदकिशोर हळहळला, तर यल्लव्वा म्हणाली, "असू दे की. खो पाठीवरच देत्यात."

मोडलेलं व्रत संध्याने पुढच्या गुरुवारी पहिल्यापासून धरलं. त्या दुपारी ती भिंतीपाशी आली आणि फोटोतल्या पाठीवर तिने, न बोलता, तळवा टेकवला.