एकोणसाठपासून सुरू होणारा आलेख

ब्राह्मी सांगलीतल्या एका खासगी मेडिकल कॉलेजात मेडिसिनचं एमडी करत होती. साताऱ्याच्या वैद्यकीय परिषदेत तिला शोधनिबंध मांडायला मोजकीच मिनिटं मिळाली होती, आणि त्यात काय दाखवायचं याची काळजी तिच्यापेक्षा तिच्या विभागप्रमुखांना, राजवर्धन सरांना, जास्त होती.

प्रयोगाची कल्पना सरांचीच. शिराळा तालुक्यातल्या रक्तदाबाच्या निम्म्या पेशंटांना रोज सकाळी फोन जायचा आणि त्यातून सरांचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, "नमस्कार. मी डॉक्टर राजवर्धन बोलतोय. आज गोळी घेतलीत ना? धन्यवाद." एवढं बोलण्यासाठी सरांनी मिरजेत स्टुडिओ घेतला होता आणि घसा बसू नये म्हणून आठवडाभर दह्याला शिवले नव्हते. शेवटी ब्राह्मीने गावोगाव फिरून गोळ्यांची पाकिटं तपासली. फोनवाले आणि बिनफोनवाले, दोघंही सारख्याच प्रमाणात गोळ्या चुकवत होते.

तिने स्लाइड साध्याच केल्या होत्या, पांढऱ्यावर काळी अक्षरं. सरांनी त्या बघितल्या आणि मयतीला आल्यासारखा चेहरा केला.

"यात आपली संस्था कुठंय?"

"पहिल्याच स्लाइडवर नाव आहे, सर."

"नाव दिसलं मला. इमारत कुठंय?"

इमारत आली. मागोमाग दिवंगत संस्थापक आले, मग त्यांचे चिरंजीव हार घालून, मग माइकसमोर डोळे मिटून उभे असलेले सर. एवढ्या मंडळींना जागा करून देताना पेशंटांचं म्हणणं सांगणारी स्लाइड उडाली. मग सर आलेखाशी थांबले. त्यात दोन खांब होते, उंचीला जुळ्या भावांसारखे.

"यात फरक दिसत नाही."

"फरक नाहीच, सर. नेमाने गोळी घेणारे फोनवाल्यांत एकसष्ट टक्के, बाकीच्यांत साठ."

"एक टक्का आहे ना? मग तो दिसला पाहिजे. आलेख शून्यापासून कशाला? एकोणसाठपासून सुरू कर."

"सर, ते बरोबर दिसणार नाही."

"आपण आकडे बदललेत का? नाही ना? मग झालं तर."

तिच्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. तिने एकोणसाठ टाकलं, आणि फोनवाला खांब शेजाऱ्याच्या दुप्पट झाला. घरी तिच्या वडिलांनी, हळदीचे व्यापारी असलेल्या भरतेशअण्णांनी, तो कौतुकाने बघितला. "म्हणजे फोनचा लय उपयोग झाला म्हण की." ब्राह्मीने लॅपटॉप मिटला.

साताऱ्यात सत्राच्या अध्यक्ष संयोगिता मॅडम होत्या, बरीच वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. ब्राह्मीचा निम्मा वेळ इमारत आणि संस्थापकांनीच खाल्ला. अखेर आलेख आला. पहिल्या रांगेत सरांनी मान डोलावली. मॅडमनी चष्मा सारखा केला.

"डॉक्टर, खाली कोपऱ्यात ते बारीक काय लिहिलंय?"

"एकोणसाठ, मॅडम."

"तिथं शून्य टाकून दाखवाल का?"

ब्राह्मीने सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते. तिने सगळ्यांसमोर आलेख उघडला आणि शून्य टाकलं. दोन्ही खांब पुन्हा एका उंचीला आले. मागून कुणीतरी हसलं.

"मग फोनचा उपयोग का झाला नाही?"

याचं उत्तर आता एकाही स्लाइडवर नव्हतं, पण तिला ते पाठ होतं. "शिराळ्याच्या शालूबाई मला म्हणाल्या, 'मी त्यास्नी रोज सांगत हुते, गोळ्या संपल्यात, डोस्कं गरगरतंय. ते धन्यवाद म्हणत्यात आन् फोन ठेवत्यात. त्यांनी माझं कवा ऐकलं न्हाई, मग मी बी त्यांचं कशाला ऐकू?'"

सगळा हॉल हसला. किती दिवसांनी ब्राह्मीला मोकळा श्वास आला.

"एवढंच सांगायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "बाकी इमारत छान आहे."

संध्याकाळी, फसलेला प्रयोग प्रामाणिकपणे मांडल्याबद्दल पहिलं बक्षीस ब्राह्मीला जाहीर झालं. ती खुर्चीतून उठेपर्यंत सर मंचावर पोचले होते. माइक हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले. "आमच्या विभागात अपयश लपवायची पद्धत नाही. प्रत्येक गोष्ट शून्यापासून तपासायची, हेच मी विद्यार्थ्यांना शिकवतो." टाळ्या पडल्या. प्रबंध अजून सरांच्याच टेबलावर होता, म्हणून ब्राह्मीनेही वाजवल्या.

परतताना कराड मागे पडल्यावर सरांनी गाडीत विषय काढला. म्हणाले, "पुढच्या प्रयोगात पेशंटांचं ऐकायची सोय करू."

"कोण ऐकणार, सर?"

"तू."

पेठनाक्यावर गाडी चहाला थांबली तेव्हा ब्राह्मीने बाजूला जाऊन शालूबाईंना फोन लावला आणि गोळ्या मिळाल्या का, ते विचारलं. मिळाल्या नव्हत्या. उद्या पाठवते, असं ब्राह्मी म्हणाली, पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. गुडघ्यापासून सुरू झाल्या त्या सुनेवरून म्हशीवर आल्या. ब्राह्मीचा चहा गार झाला. सर गाडीतून हॉर्न वाजवत होते, आणि ती म्हणत होती, "हं, मावशी, पुढं सांगा."