दर थांब्यामागे अर्धा गॅलन

फसली सन १३५२, माहे बहमनच्या नवव्या दिवशी, निजामाच्या राज्यातल्या सेलू मुक्कामी, आबासाहेबांच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात सकाळी नऊ वाजता या प्रकरणाचा निकाल लागला.

लढाईमुळे पेट्रोल परवान्यावर मिळे, आणि गावोगावचा कापूस आणणाऱ्या आमच्या एकुलत्या लॉरीला ते दसऱ्यापासून पुरेना. ड्रायव्हर आश्रुबा ते चोरून विकतो, असे मालक आबासाहेबांचे मत झाले. मी कारखान्याचा कारकून. मला मतापेक्षा पुरावा प्रिय. ब्याण्णव खेपांचे मैल, वजन, थांबे आणि पेट्रोल मी समोरासमोर मांडले. चोरी असती तर तूट कशीही पडली असती. ही तूट मैलांनुसार वाढत नव्हती, वजनानुसारही नाही. केवळ थांब्यांनुसार वाढत होती. एकट्या पोखर्णीची खेप असली की अर्धा गॅलन. पेडगाव धरून तीन गावे असली की दीड. अर्थात, कापूस भरेपर्यंत इंजिन चालूच राहत होते.

आदल्या दिवशी हे आश्रुबाला सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"माधवराव, पाया पडतो, चोरच म्हना मला. मुंजाजी हमालाला कापूस चोरताना धरलं, तरी दंड करून कामावर ठेवलंच की!"

"पण तू निर्दोष आहेस!"

"हँडल मारताना उलटा फटका बसला. हे मनगट गेलं. ब्याटरी मेलेली, इंजिन बंद केलं तर चालू कोन करील? पहाटं कोनी यायच्या आत बायको हँडल मारून देती. गावात कुनाला सांगू?"

"असत्यावर टिकलेली नोकरी ही नोकरीच नव्हे," मी म्हणालो.

"तुमाला लेकरं न्हाईत, म्हून बोलायलाव."

या बोलण्यात युक्तिवाद नव्हता. मी ते विचारात घेतले नाही. सकाळी सर्व आकडे वाचून दाखवले, मनगटाचे कारणही सांगितले. आबासाहेबांनी शेवटपर्यंत ऐकले, मग आश्रुबाकडे वळले.

"मार हँडल."

त्याने डावा हात लावला. हमाल जमले. "आरं, पिठात हात घातल्यावानी काय करायलास?" मुंजाजी ओरडला. दोनदा हँडल अर्ध्यावरून परतले. तिसऱ्यांदा त्याने उजवा हातही लावला, आणि मनगट धरून तो चाकापाशी बसला. हसणे बराच वेळ चालले.

"कारकून, तुमचं गणित बरोबर हाय," आबासाहेब म्हणाले. "हा चोर न्हाई. निकामी हाय. काढून टाका."