भोवत्यांची बसायची वेळ

मेंढरं घरी आली आणि धुळाजी आला नाही. कुत्रंही आलं, शेपूट पायात घालून. शेजारच्या रेणुकानं फोन लावला, तर तो घरातच वाजला, चार्जिंगला लावलेला. "मुडदा बशिवला त्या मोबाइलचा!" आसराबाई कडाडली. रेणुका माणसं गोळा करायला पळाली, पण आसराबाईला कुठला दम! पदर खोचून ती एकटीच हसनाबादच्या पुढच्या गायरानाकडं निघाली. पौषातली थंडी. नवरा कुठं पडला-झडला असला तर सकाळपर्यंत टिकायचा नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

गायरान म्हणजे कमरेएवढं वाळलं गवत, नजर पुरेल तिथवर. हाक मारावी, तर ती सोय नाही. तिन्हीसांजेला गायरानात हाक मारायची नसते. भलतंच कुणी ती उचलतं आणि मग तेच हाका मारत बसतं. नावानं तर मुळीच नाही. तसंही नवऱ्याचं नाव आसराबाईनं लग्नातल्या उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं नव्हतं. "अवो" एवढ्यावर सगळा संसार झाला.

बांधावर चढून पाहिलं, तर भोवत्यांची बसायची वेळ झालेली. थंडीपुरती येणारी ही शिकारी पाखरं, घारीहून सडपातळ. झाडावर नाही, गवतात भुईवर झोपतात. चहूकडून येत होती. ओरडणं नाही, पंखांचा आवाज नाही. नुसत्या घिरट्या घालायची आणि एकेक करून गवतात दिसेनाशी व्हायची. इतकी पाखरं आणि इतकं गपगार! आसराबाईला श्वास घ्यायचंसुद्धा भ्या वाटलं.

मग तिच्या ध्यानात आलं. ओढ्याच्या अंगाला एका जागी पाखरं खाली येत आणि गवताला टेकायच्या आत परत उठत. एकही बसेना. खाली माणूस असल्याशिवाय ती असं करायची नाहीत. तिच्या उरात धस्स झालं, आणि आनंदही झाला, खोटं कशाला सांगू.

ती धावली. तिथं पोचल्यावर हळूच म्हणाली, "अवो?"

"अगं, आलीस का!" धुळाजी गवतात आडवा होता. पाय खड्ड्यात मुरगळलेला, हातात पटक्याचा बोळा.

"वरडायला काय झाल्तं? तोंडाला कुलूप घातल्तं का?"

"कसं वरडू? दुपारपासून तू हाका मारून राह्यली. 'धुळाजी, ओ दे. धुळाजी, ओ दे.' बिलकुल तुझाच आवाज. मंग मनात म्हनलं, आपली बायको कवा आपलं नाव घेती? ही आपली न्हाई. पटका तोंडात कोंबून गप पडलो. आता तू 'अवो' म्हनलीस, तवा जीवात जीव आला."

आसराबाई दुपारभर घरी ज्वारी निवडत बसली होती. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पण म्हाताऱ्याचे दात वाजत होते. तिनं त्याला उठवलं, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

लंगडत दोघं बांधापाशी आली. धुळाजीला मागं वळता येईना.

"माझ्यामुळं पाखरांची झोपमोड झाली गं," तो म्हणाला. "बघ बरं, बसली का आता?"

तिनं वळून पाहिलं. सगळं गायरान निजलं होतं. फक्त त्याच जागी पाखरं अजून खाली येत होती आणि गवताला टेकायच्या आत वर उठत होती.

"बसली की सगळी," आसराबाई म्हणाली. "चला जल्दी."