मागचं चाक

शहाबाजची स्कूटर पोलीस ठाण्यातून परत आली तेव्हा कादरभाईंनी ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीशी लावली, वर जुनी चादर टाकली आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. हँडल वाकलं होतं, बाकी गाडी धडधाकट होती. चालवणाराच राहिला नव्हता. चांदणी चौकाच्या उतारावर पाण्याचा टँकर आडवा आला आणि त्यांचा एकुलता मुलगा जागीच गेला.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी जमलेल्या नातेवाइकांत त्यांचे मेहुणे सहज बोलून गेले, "मागचे ब्रेक लायनर तुम्हीच बदलले होते ना घरी?" त्यांच्या मनात काही नसावं. पण त्या दिवशी कादरभाई ताटावरून तसेच उठले. उभी हयात कारखान्यात मशीनवर गेलेली. घरची गाडी गॅरेजला द्यायची नाही हा त्यांचा हट्ट. अपघाताच्या आधीच्याच महिन्यात त्यांनी लायनर बदलले होते. शहाबाजला कुठेतरी जायची घाई होती, म्हणून काम जरा आटोपतं घेतलं होतं. स्प्रिंग नीट बसली होती का? ग्रीसचा हात लायनरला लागला होता का? नमाजला उभं राहिलं तरी तेच मनात यायचं. चाक उघडलं असतं तर कळलं असतं. पण कळल्यावर काय करायचं, या धास्तीनं त्यांनी ते उघडलं नाही.

मग त्यांच्या सुनेला, अफशीनला, कोथरूडच्या एका शाळेत नोकरी लागली. ती म्हणाली, शहाबाजची गाडी दुरुस्त करू, मी वापरीन. कादरभाई म्हणाले, ती विकून दुसरी घे. तिनं ऐकलं नाही. तुम्हाला जमत नसेल तर कोपऱ्यावरच्या गॅरेजला देते, असं म्हणाली तेव्हा मात्र ते चटकन बोलले, "नको. मीच बघतो."

नाना पेठेतून नवे लायनर आणि हँडल आणलं. हँडल एका सकाळीत बसलं. मागच्या चाकाला हात घालायला त्यांना पुढचा रविवार उजाडला. अफशीन मदतीला खाली आली. सायलेन्सर काढला, मोठा नट सैल केला, चाक ओढून बाजूला ठेवलं. मग कादरभाई वाकून आत बघू लागले.

दोन्ही लायनर जागच्या जागी होते. स्प्रिंगा घट्ट. ग्रीसचा थेंब नाही. घासलेलेही दोन्ही सारखेच. त्यांनी हातानं ब्रेकची दांडी दाबली. लायनर उघडले, पुन्हा मिटले. ब्रेकमध्ये काहीच खोट नव्हती.

आता हलकं वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. ते फरशीवर बसूनच राहिले. इतके महिने रागवायला निदान एक माणूस हाताशी होता, ते स्वतः. आता तोही उरला नाही.

"अब्बा, काय झालं?" अफशीननं विचारलं.

त्यांनी सांगितलं. सगळं, पहिल्यांदाच. ती खाली मान घालून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "मला वाटायचं, माझ्यामुळे झालं. शहाबाज त्या रस्त्यानं कधी येत नसे. मीच फोन करून बावधनला माझ्या खालाकडून डबा आणायला सांगितलं होतं."

"हे कुणाला बोलली नाहीस?"

"कुणाला बोलणार? अम्मींना? त्यांचा तर मुलगा गेलेला."

यात तुझा काय दोष, असं त्यांना म्हणायचं होतं. पण हेच शब्द कुणी त्यांना ऐकवले असते तर त्यांना तरी पटले असते का? ते एवढंच म्हणाले, "टँकर आडवा आला, बेटा."

"हो," ती म्हणाली, आणि दोघंही तिथेच रडली. फाटकावरचा वॉचमन पाठ करून उभा राहिला.

जुने लायनर अजून वर्षभर सहज टिकले असते. तरी त्यांनी नवे घातले. ड्रममधली काळी भुकटी ओल्या फडक्यानं पुसली, पॉलिश पेपर फिरवला. दुसरी स्प्रिंग ताणताना अफशीननं पक्कड धरली. सगळं आवळून झाल्यावर त्यांनी तिला आवारात चकरा मारायला लावल्या आणि दर चकरेला ब्रेक दाबायला सांगितलं. गाडी दरवेळी थांबली.

सोमवारपासून ती कामावर जायला लागली. संध्याकाळी खाली गाडीचा आवाज आला की नूरबानू, कादरभाईंच्या पत्नी, हातातलं काम टाकून दाराशी येत. जिन्यात सुनेची पावलं वाजली की त्यांना आठवे, ती गाडी आता शहाबाज चालवत नाही. मग दार उघडं ठेवून त्या निमूट आत वळत, चहाचं आधण ठेवायला.