लाल गोलाच्या बाहेर

रंजिता राठोडच्या मोबाईलवर ती क्लिप आली तेव्हा ती यवतमाळच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवायला बसली होती. पाठवणारी तिच्याच वर्गातली, समीक्षा. सोबत लिहिलं होतं, 'तुमच्या भागातली टोळी बघ गं, घरच्यांना सांभाळून राहायला सांग.' रंजिता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, सगळ्या मुलींसारखा कुर्ता घालायची. तिची आई कशी दिसते हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

क्लिप चाळीस सेकंदांची. फुलसावंगीतलं एक कापड दुकान, कॅमेरा छताजवळचा. फेटिया-कांचळी हा बंजारा पोशाख घातलेल्या, आरशांच्या ओढण्या डोक्यावरून घेतलेल्या तीन बाया काउंटरपाशी उभ्या. कुणीतरी त्यांच्याभोवती लाल गोल काढलेला. खाली अक्षरं: 'शालूचा खोका लंपास. महिलांची टोळी. ओळखा.' तिघी मधल्या खांबाआड जातात आणि पलीकडून बाहेर पडतात. मधलीची ओढणी पोटाशी फुगलेली.

मधली म्हणजे बिजलीबाई. रंजिताची याडी, म्हणजे आई.

तिने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती तांड्यावर पोचली.

बिजलीबाई ओट्यावर बसून होती. वेचणीचे दिवस, आणि ही घरी. रंजिताचा बाप, रामधन, हळू आवाजात सांगत होता की वच्छलाबाईंचा निरोप आला, उद्यापासून येऊ नका म्हणून. वच्छलाबाई म्हणजे गावातल्या मोठ्या शेतकरीणबाई. बिजलीबाई वीस वर्षांपासून त्यांच्याच शेतात कापूस वेचत होती. पिठाच्या गिरणीवरही बाया तिला पाहून गप्प झाल्या होत्या.

झालं एवढंच होतं की बिजलीबाई ओढणीसाठी अस्तर घ्यायला दुकानात गेली होती. एकटी. रंग मिळाला नाही म्हणून परत फिरली. त्या दोघी कुठल्या दुसऱ्या तांड्याच्या, लग्नाची खरेदी करायला आलेल्या. त्यांची नावंही तिला माहीत नव्हती. ओढणीखाली गुळाची पिशवी होती, ती तर आधीच बाजारातून घेतलेली.

सगळं सांगून झाल्यावर बिजलीबाईने पोरीकडे पाहिलं.

"तुले काय दिसलं त्याच्यात?"

रंजिताला खोटं बोलता आलं नाही. मेसमध्ये पहिल्यांदा क्लिप पाहताना तिलाही दिसलं होतं: खांबामागे आईचा हात खोक्याकडे जातो आणि खोका ओढणीत जातो. खांबामागचं काही कॅमेऱ्यात नव्हतंच. तरी दिसलं होतं.

"मलेही तसंच दिसलं, याडी," ती म्हणाली. "एका घडीपुरतं."

 बिजलीबाई उठून आत गेली आणि पोरीसाठी भाकर टाकू लागली. तव्यावर भाकर जरा जोरातच पडली.

रंजिताला आईच्या रागापेक्षा स्वतःचा राग जास्त आला. मानसशास्त्राच्या वर्गात हेच तर ती शिकत होती. सरांनी फळ्यावर ठिपके काढून दाखवले होते. जवळजवळचे ठिपके आपोआप एक रांग होतात, सारख्या रंगाचे आपोआप एक गट होतात. तुटक वर्तुळ काढलं तर डोळा ते पुरं करतो, आणि आपण पुरं केलं हे आपल्याला कळतही नाही. ज्यावर नजर बसते ते पुढे येतं, बाकीचं सगळं मागची भिंत होतं. परीक्षेत तिने हे आकृत्यांसह लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले होते. आणि सारख्या कपड्यांतल्या, एका बाजूला चाललेल्या तीन अनोळखी बाया दिसल्या तेव्हा तिच्याही डोळ्यांनी मुकाट त्यांची टोळी केली होती.

तिने मोबाईल भिंतीला टेकवला, कागदाची पट्टी फाडून लाल गोलावर धरली आणि क्लिप पुन्हा लावली. दोनदा. तिसऱ्यांदा तिने बापाला हाक मारली.

दुपारी मायलेकी दुकानात गेल्या. बिजलीबाई तीच फेटिया, तीच ओढणी घालून निघाली. लुगडं नेस असं रामधनने सुचवून पाहिलं होतं, तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

दुकानाचे मालक घनश्याम गिऱ्हाइकांमध्ये होते. बिजलीबाईला पाहताच नोकराने काउंटरवरचे कपडे मागे ओढले. रंजिताने ते पाहिलं, पण आवाज चढवला नाही. कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा मोठा पडदा भिंतीवर होता, त्याच्यावर परवाचं चित्रण लावा, एवढंच मागितलं. घनश्याम म्हणाले, आम्ही वीस वेळा पाहिलंय. एकविसाव्यांदा पाहा, ती म्हणाली. गिऱ्हाइकं वळून पाहू लागली, तसं त्यांना लावणं भाग पडलं.

रंजिताने शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा उचलला आणि पडद्यावर जिथे त्या तिघी होत्या तिथे धरला.

"आता बाया नाईत. आता सांगा काय दिसून राह्यलं."

पडद्यावर उरला तो काउंटरचा शेवट आणि वर जाणारा जिना. निळ्या शर्टातला एक माणूस आला. त्याने काउंटरच्या टोकावरचे दोन रिकामे खोके उचलले, त्यांच्याखालचा सोनेरी पट्टीचा तिसराही उचलला, आणि तिन्ही घेऊन जिना चढून गेला. भर प्रकाशात, कॅमेऱ्याकडे तोंड करून.

निळा शर्ट हा दुकानाच्या नोकरांचा गणवेश होता. माणूस होता देवीलाल, जो त्या क्षणी कापडाची घडी घालत तिथेच उभा होता. त्याचा चेहरा उतरला. तो माळ्यावर गेला आणि रिकाम्या खोक्यांच्या ढिगातून शालू घेऊन खाली आला. चोरी झालीच नव्हती.

मग रंजिताने पुठ्ठा काढला आणि पहिले पाच सेकंद पुन्हा दाखवायला लावले. खांबाकडे जाण्याआधीही बिजलीबाईची ओढणी तेवढीच फुगलेली होती. क्लिप पाहिलेल्या कुणालाच ते दिसलं नव्हतं.

घनश्यामनी हात जोडले. म्हणाले, "गैरसमज झाला, मावशी. बसा, चहा घ्या."

"चहा नको," बिजलीबाई म्हणाली. "हा निळा शर्ट तुमचा होता, म्हणून तो तुमाले दिसला नाई. मी तुमची नोयती, म्हणून दिसली. जेवढ्यायले मले चोर म्हणून धाडलं, तेवढ्यायले धाडा. माहं नाव लिहून."

त्यांनी समोरच मजकूर लिहिला, 'काही गैरसमजातून.' रंजिताने तो खोडायला लावला आणि स्वतः सांगितला: बिजलीबाई रामधन राठोड यांनी काहीही चोरलं नाही, आमच्याच माणसाने खोका ठेवला, आम्ही नीट न पाहता त्यांना आणि दोन अनोळखी स्त्रियांना टोळी म्हटलं, आम्ही माफी मागतो. घनश्यामनी तो पाठवला. समीक्षाला रंजिताने स्वतः पाठवला, आणि मधली बाई माझी आई आहे, असंही लिहिलं. समीक्षाचा रडत फोन आला. क्लिप मात्र पुढच्या आठवड्यात उमरखेडच्या कुठल्याशा ग्रुपवर फिरत होती, लाल गोलासकट, माफीशिवाय. त्या दोघींपर्यंत काही पोचलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई स्वतः तांड्यावर आल्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, झालं ते वाईट झालं म्हणाल्या. आम्हाला काय माहीत, जे दिसलं त्यावर विश्वास ठेवला. उद्यापासून वेचायला ये.

बिजलीबाईने त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"वच्छलाबाई, वीस वर्सं तुमी मले रोज पाह्यलं," ती म्हणाली. "माह्या हाती घराची किल्ली देऊन तुमी लेकीच्या बाळंतपणाले गेलत्या. ते वीस वर्सं कुठी गेले? चाळीस सेकंदानं पुसले?"

वच्छलाबाईंनी मान खाली घातली.  बिजलीबाई पाहुणीला तांड्याच्या टोकापर्यंत पोचवायला गेली, रीत म्हणून. उद्या येते असं मात्र म्हणाली नाही. त्या वर्षी तिने नदीपलीकडच्या शेतात कापूस वेचला. जायला तासभर जास्त लागायचा, आणि वाट वच्छलाबाईंच्या बांधावरूनच जात होती.